मार्डेलच्या खोलीतली काळी फरशी

"काळी? डॅड, कपड्यांच्या खोलीला काळी फरशी?"

"काळी नाही. पाटीच्या दगडाचा रंग आहे."

"पाटी काळीच असते."

"उन्हात धरून बघ, राखाडी दिसते."

"ऊन कुठून आणू? एक तरी खिडकी आहे का इथे?"

लॉवेल स्टेन्सरुडने मान वर केली नाही. तो गुडघ्यांवर बसून, दातात पेन्सिल धरून, भिंतीच्या कडेने टेप सरकवत होता. जॅनेल, त्याची एकुलती एक मुलगी, कोट न काढताच दारात उभी होती. फार्गोहून तासभर गाडी हाकत आली होती, आणि कोट काढला की भांडण लांबतं असा तिचा अनुभव होता.

"आणि मशीनं इथेच? मॉमच्या फ्रॉकांच्या शेजारी?"

"जिथे कपडे उतरवायचे तिथेच धुवायचे, तिथेच वाळवायचे, तिथेच टांगायचे. मध्ये एकही पायरी नाही. पलीकडे बाथरूम आहे, पाण्याचे पाइप भिंतीतच मिळाले. अजून काय पाहिजे?"

"उजळ फरशी पाहिजे. तो मेपलच्या लाकडासारखा नमुन्याचा तुकडा होता ना? तो चांगला होता."

"मशीनला रबरी पाय असतात. उजळ व्हिनाइलवर रबराचे पिवळे डाग पडतात. जात नाहीत."

"मशीनच्या खाली? तिथे कोण वाकून बघणार आहे?"

"मला माहीत असेल ना."

"आणि काळीवर ड्रायरची लव दिसत नाही? पांढरी पांढरी?"

ह्यावर लॉवेलने टेपचा आकडा भिंतीवर लिहिला आणि त्याच्याखाली विनाकारण रेघ ओढली.

"मॉमला विचारलंस?"

"विचारलं. तिन्ही तुकडे टेबलावर मांडले तिच्यापुढे."

"मग?"

"ह्याच्यावर हात ठेवला. म्हणाली, ही वेगळी आहे."

जॅनेल हसली, पण ते हसू खालच्या ओठापर्यंतच आलं. "वेगळी आहे. डॅड, मॉम आयुष्यात कशाकशाला वेगळं म्हणाली, सांगू? इंगा आत्याने शिवलेल्या पडद्यांना. चर्चमधल्या नव्या पाद्रीबाईंच्या गिटारला. माझ्या पहिल्या नवऱ्याला तर सहा वर्षं म्हणत होती."

"ते पूर्वीचं."

"अख्ख्या मिनेसोटात वेगळंचा अर्थ एकच आहे. उचला आणि घेऊन जा."

"पूर्वी ती आडून बोलायची. आता नाही बोलत. डॉक्टरच म्हणाले, इथून पुढे शब्द जसाच्या तसा धरायचा, मागचं शोधत बसायचं नाही."

"डॉक्टरांचं तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं." मग तिने आवाज खाली आणला, कारण स्वयंपाकघरात मार्डेल होती. "हे बघ. गावाबाहेरच्या त्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये खोली रिकामी झालीये. त्यांनी आपल्यासाठी पुढच्या सोमवारपर्यंत धरून ठेवलीये. मी रविवारी येते, चर्च सुटल्यावर. मॉमने एकटीने एक खेप धुतली, वाळवली, घड्या घातल्या, तर मी स्वतः फोन करून खोली सोडते. शब्द देते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू फोन करायचास."

लॉवेलने पेन्सिल कानावर अडकवली. "जमेल. धुणं तिला जमतं."

ते खरं होतं, आणि आता तेवढंच खरं उरलं होतं. विसरायला लागल्यावर मार्डेलचं गाडी चालवणं दोन वर्षांपूर्वी सुटलं. मग शेगडी सुटली, मग महिन्यांची नावं. पण धुणं मात्र तिच्या हातात तसंच होतं. पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे, टॉवेलाची घडी तिहेरी, मोज्यांची जोडी आत दुमडलेली. तीस वर्षं चर्चच्या वेदीवरची पांढरी वस्त्रं तिनेच धुतली, इस्त्री केली. त्यांतल्या एकावरही कधी चुणी दिसली नाही. मशीनं मात्र तळघरात होती, त्या भागातल्या सगळ्या जुन्या घरांत असतात तशी, आणि मार्चमध्ये कपड्यांच्या टोपलीसकट ती जिन्यावरून खाली गेली. मनगट मोडलं. तेव्हापासून तळघराच्या दाराला लॉवेलने वरच्या बाजूला कडी घातली होती. मार्डेल रोज ते दार हलवून बघायची आणि म्हणायची, "हे अडकलंय. लॉवेलला सांगायला हवं."

म्हणून ही खोली. निजायच्या खोलीतलं कपाट आणि त्यामागची अडगळ, मधली भिंत पाडून एक केलेली.

लॉवेलला फर्गस फॉल्स गाव वरून जेवढं माहीत होतं त्याहून जास्त खालून माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी तो फरशा टाकायला गुडघ्यांवर बसला तो पासष्टीला उठला. इस्पितळाचा लांब बोळ त्याचा. शाळेचं जेवणघर त्याचं, बँकेतली चौकटीची फरशी त्याची. चर्चमध्ये प्रार्थनेला मान खाली घातली की त्याचं लक्ष बाकांखालच्या सांध्याकडे जायचं, आणि सांधा अजून उघडला नाही हे पाहिलं की तो खरा कृतज्ञ व्हायचा. लोक भेटले की म्हणायचे, लॉवेल, तू टाकलेल्या जमिनीवर माझी तीन पोरं रांगली. तो म्हणायचा, "बरी झाली होती ती." ह्याहून मोठी फुशारकी त्याला येत नव्हती.

स्वतःच्या घरात मात्र आधीच्या मालकाचं पिवळं लिनोलियम होतं. सिंकपुढे झिजून त्याच्यात मार्डेलच्या पावलांची दोन बशीएवढी टक्कलं पडली होती. "पुढच्या हिवाळ्यात बदलतो," लॉवेल म्हणायचा. "घाई नाही," मार्डेल म्हणायची. घाई नाही म्हणजे काय, हेही त्याला कळत होतं. चव्वेचाळीस हिवाळे गेले.

काळ्या रंगाचं खरं कारण त्याने जॅनेलला सांगितलं नव्हतं. एकदा, ती पाच-सहा वर्षांची असेल तेव्हा, तळ्याकाठी शहरातल्या एका डॉक्टरच्या उन्हाळी घरात त्याने खऱ्या पाटीच्या दगडाची फरशी बसवली होती. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. मार्डेल त्याचा डबा घेऊन आली. घरात कुणी नव्हतं. तिने बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी त्या गार काळ्या दगडावर उभी राहिली. किती वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "लॉवेल, मला हे आवडलं."

वेगळं नाही. 'वाईट नाही' असंही नाही म्हणाली. आवडलं. लग्नापासून हा शब्द त्याने तिच्या तोंडून तीनदा ऐकला असेल. ते सगळं तिच्या डोक्यातून पुसून जायच्या आत एकदा तरी तिला तिच्या स्वतःच्या घरात त्या फरशीवर उभं करायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. दगड ह्या खोलीला झेपला नसता, मशीनच्या हादऱ्याने सांधे सुटले असते. म्हणून त्याच्यासारखंच दिसणारं, एकसंध, बिनसांध्याचं व्हिनाइल. आणि ती वेगळी म्हणाली तेव्हा त्याने डॉक्टरांचं बोट धरलं आणि पुढे चालू लागला.

दुकानातून व्हिनाइल दाबून बसवायचा रूळ आणायला गेला तेव्हा ड्वेन, ज्याच्या दुकानासाठी त्याने उभा जन्म फरशा बसवल्या, म्हणाला, "लॉवेल, ह्या वयात? नवे गुडघे मी ठेवत नाही हां."

"माझे जुनेच चालतील."

"माणूस देऊ का बरोबर?"

"माझ्या घरात तुझा माणूस?" लॉवेल म्हणाला, आणि शंभर पौंडाचा रूळ स्वतः ढकलत गाडीपर्यंत नेला.

चार दिवस लागले. जुनं कार्पेट उपटलं, एकेक खिळा काढला. एका जागी फळीला फुगारा होता तो घासून सपाट केला, दुसरीकडे खळगा होता तो भरला, आणि मग गालाने जमीन बघितली. ओणवं होऊन, गाल टेकवून, एक डोळा मिटून. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं: हात खोटं बोलतो, गाल बोलत नाही. मग दातेरी थापीने गोंद ओढला, व्हिनाइलची चादर सोडली, रूळ फिरवला, आडवा, मग उभा. मशीनांच्या मागे चादर भिंतीवर चार इंच चढवली, म्हणजे उद्या नळी फुटली तरी पाणी भिंतीत शिरायचं नाही. गुडघे रात्रभर ठणकायचे. सकाळी तो पलंगाच्या काठाला धरून उठायचा आणि परत खाली बसायचा.

गोंदाचा वास म्हणून दार बंद ठेवलं होतं. मार्डेल बाहेर टोपली घेऊन बसायची. पांढरे वेगळे करायची, रंगीत वेगळे करायची, मग सगळे एकत्र करून पुन्हा.

"लॉवेल, झालं का?"

"शुक्रवारी."

"आज काय आहे?"

"बुधवार."

"मग काही हरकत नाही," ती म्हणायची. पाच मिनिटांनी, "लॉवेल, झालं का?"

शनिवारी मशीनं आत सरकली. लॉवेलने दिवा लावला आणि दारातून बघितलं. त्याच्या हातची शेवटची जमीन, आणि पहिल्या दर्जाची. काळी, गुळगुळीत, कडेला केसाएवढी फट नाही. त्याने मार्डेलला हाक मारली नाही. रविवारी, जॅनेलसमोर. पोरीने बघू दे.

रविवारी जॅनेल चर्चमधून थेट आली. ह्या वेळी कोट काढला. लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या, मार्डेलच्याच पद्धतीने, फक्त साखरेऐवजी काहीतरी दुसरं घालून. तिघं टेबलाशी बसली. कॉफी झाली. मार्डेलचे केस विंचरलेले होते, निळं स्वेटर घातलं होतं. तिने जॅनेलला नावाने हाक मारली, रस्त्यावर बर्फ लागलं का विचारलं. लॉवेलला वाटलं, दिवस चांगला निघालाय.

मार्डेलने वडीचा तुकडा मोडला. चावला. रुमालाने ओठ टिपले. ताटली अगदी बोटभर पुढे सरकवली.

"वेगळ्या झाल्यात हं," ती गोड हसून म्हणाली.

जॅनेलने बापाकडे बघितलं. लॉवेलने कपात नजर घातली. कपात कॉफी उरली नव्हती, तरी तो बघत राहिला. बाईचं सगळं गेलं होतं, महिने गेले होते, शेगडी गेली होती. पण तो शब्द जिथल्या तिथे होता, तोच आणि त्याच अर्थाचा.

"चला," जॅनेल उठून म्हणाली. "मॉम, धुणं लावायचं?"

"अगं, केव्हाची वाट बघतेय मी." मार्डेलने टोपली कमरेवर घेतली. वरती दोन चादरी, खाली लॉवेलचे शर्ट. ती झपझप चालत निजायच्या खोलीत गेली, कपड्यांच्या खोलीच्या दारापाशी आली, आणि थांबली.

तिचे पाय बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे जुळले.

"जा ना आत," लॉवेल म्हणाला. "नवं मशीन नाही, आपलंच आहे. बटणं तीच."

"नको, नको. तुम्ही व्हा पुढे."

मिनेसोटात कुणी काही पुढे केलं तर माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. कॉफी असो की पलंग. लॉवेलने दुसऱ्यांदा म्हटलं, "अगं जा, तुझ्यासाठीच केलीये."

"तुम्ही त्रास कशाला घेतलात."

"मार्डेल, जा आत." हे तिसरं.

ती हलली नाही. तिने टोपलीतून एक मोजा काढला, हात लांब केला आणि फरशीवर सोडला. मग कान देऊन ऐकलं. पांढरा मोजा काळ्यावर पडून राहिला.

"गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला? तो काय, समोर पडलाय." लॉवेल तिच्या बाजूने आत शिरला. मधोमध उभा राहिला, टाच आपटली. "हे बघ. जमीन आहे. मी टाकलीये. बघ, उभा आहे ना मी?"

मार्डेलच्या हातून टोपली सुटली. तिने दाराची चौकट धरली आणि खाली बसली, गुडघ्यांवर, अगदी काठाशी, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "जॅनेल. जॅनेल, तुझे वडील आत पडलेत."

"मॉम, नाही पडला. उभा आहे तो."

"हालू नकोस, लॉवेल. हातपाय मारू नकोस. थांब." तिने चादर ओढली, तिचं एक टोक मनगटाला गुंडाळलं, मार्चमध्ये मोडलेल्याच मनगटाला, आणि दुसरं टोक त्याच्याकडे फेकलं. "धर. धर म्हणते ना. घट्ट धर."

लॉवेलने धरलं. काय करणार. ती मागे रेलून ओढू लागली, दात चावून, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. तो एक पाऊल पुढे आला, अजून एक, आणि उंबरा ओलांडून बाहेर कार्पेटवर आला. तिने त्याच्या शर्टाला दोन्ही हातांनी धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती म्हणत होती, "झालं. झालं. आलास वर."

तिच्या खांद्यावरून त्याने आत बघितलं, आणि त्याला त्याची फरशी दिसली. त्याच्या डोळ्यांनी नव्हे.

मग त्याला ते आठवलं. आठवलं म्हणजे, ते कधी विसरलाच नव्हता. इतकी वर्षं त्यावर पाय देऊन उभा होता. गावाबाहेरचं होम. विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांचा वॉर्ड. सगळा बोळ साईसारख्या रंगाचा, आणि बाहेरच्या दारापुढे तेवढी दोन फुटांची काळी पट्टी टाकायची होती. तो तिथल्या नर्सला म्हणाला होता, "बाई, रंग जुळत नाही. डोळ्यात खुपेल." ती म्हणाली होती, "खुपायलाच हवी. त्यांना ती जमीन वाटत नाही, विहीर वाटते. दार सताड उघडं राहिलं तरी कुणी ओलांडत नाही." त्याने पट्टी बसवली. चांगली बसवली. रात्री जेवताना मार्डेलला सांगितलं, गंमत म्हणून. मार्डेलने काटा खाली ठेवला.

"हे वेगळंच आहे," ती म्हणाली होती, आणि त्या रात्री ती पुढे काही जेवली नाही.

जॅनेल खाली बसून शर्ट गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "गेल्या महिन्यात मी ती खोली बघायला गेले होते. तिथल्या दारापाशी अशीच एक पट्टी आहे. म्हणाले, जुनी आहे, पण एक टवका उडाला नाही अजून. इथलाच कुणी फरशीवाला होता म्हणाले."

लॉवेलने चादर उचलली. झटकली आणि दारातून आत पसरली, पांढरी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "मार्डेल, आता बघ. आता ये."

मार्डेलने डोळे पुसले आणि चादरीकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "चादरीवर पाय देऊ? बुटांनी?"

"दे. काही होत नाही."

"माणसं काय म्हणतील," ती म्हणाली आणि वाकून चादर ओढून घेतली. खाली पुन्हा काळं दिसलं. ती दोन पावलं मागे सरकली.

"उपटतो," लॉवेल जॅनेलला म्हणाला. "आत्ता सुरुवात करतो. ड्वेनकडून तो मेपलचा आणतो. मंगळवारी खोली तयार."

"उद्या सोमवार आहे, डॅड."

"त्यांना म्हण दोन दिवस थांबा."

"दोन दिवस दिलेत त्यांनी आधीच, दोनदा. आणि आता ती ह्या दाराकडे फिरकेल? ह्या खोलीत झोपेल तरी?" जॅनेलचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "ती तुला सांगत होती. तिला येत होतं तेवढ्या शब्दांत सांगितलं तिने. तिचं वेगळं हे जसंच्या तसं धरायचं कधीच नव्हतं, डॅड. तुला माहीत होतं."

"जॅनेल."

"मी भांडत नाहीये. मला फक्त उद्या सकाळी काय सांगायचं ते सांग. फोन तू करायचा ठरलं होतं. तू करणार, की मी करू?"

तेवढ्यात पलीकडून खडखड ऐकू आली. मार्डेल टोपली घेऊन तळघराच्या दारापाशी गेली होती आणि मूठ हलवत होती. खाली मशीनं नव्हती आता, नुसती त्यांची चार चार पायांची निशाणं होती सिमेंटवर. दोघं तिच्यामागे स्वयंपाकघरात आली. जॅनेलने टोपली घेऊ केली. मार्डेलने दिली नाही. ती सिंकपुढे, पिवळ्या लिनोलियममधल्या तिच्या दोन टक्कलांवर, बरोबर पाय ठेवून उभी राहिली, जणू अख्ख्या घरात तेवढीच जागा खात्रीची होती.

"लॉवेल," ती म्हणाली. चेहरा अगदी स्वच्छ होता, इतका की तो जवळ गेला. "तू फरशीवाला ना?"

"हो."

"किती वर्षं?"

"सेहेचाळीस."

"मग लोकांच्या घरी नीट टाकतोस," तिने हळू, समजावल्यासारखं विचारलं, "आणि आपल्याच घरात असा खड्डा का रे ठेवलास?"

जॅनेल फोन हातात धरून उभी होती. "डॅड?" ती म्हणाली.

लॉवेलने खुंटीवरची टोपी काढली. ती डोक्यावर न घालता हातात धरली, मागचं दार उघडलं, आणि कोट न घेताच बाहेर पडला.